पट्टेरी अल्पिनिया: दिसते हळदीसारखी, पण हळदीसारखी कापू नका

आमच्या पूर्वेकडच्या पडवीसमोर अल्पिनिया पहिल्यांदा लावली तेव्हा सासूबाईंनी लांबून बघून निकाल दिला होता, "हळद रोगट झालीय गो, उपटून टाक." पानांवरचे पिवळे पट्टे त्यांना रोग वाटले. चूक त्यांची नव्हती. पानाचा आकार, देठाला धरून उभी राहण्याची ढब, सगळं हळदीच्या घरातलंच आहे. त्या घराण्यात हळद, आलं, वेलदोडा, सोनटक्का आणि कोळिंजन अशी सगळी मंडळी येतात. अल्पिनिया त्यातलीच. फरक एवढाच की हळद दिवाळीनंतर पिवळी पडून जमिनीत जाते, ही मात्र बारा महिने हिरवी आणि पिवळी राहते.

नेमका हाच फरक लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि मग दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच तक्रार ऐकू येते: "पानं झकास, पण फुलत नाही हो." फुलत नाही कारण तुम्ही ती हळदीसारखी कापता. मीसुद्धा पहिली तीन वर्षं कापत होते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण या झाडाचं निम्मं मर्म तिथेच आहे. उरलेलं निम्मं आहे जागेत.

आधी झाड ओळखून घ्या

नर्सरीत "व्हेरिगेटेड अल्पिनिया" किंवा "शोभेचं आलं" म्हणून मागा. शास्त्रीय नाव अल्पिनिया झेरुम्बेट, त्यातली पट्टेरी जात. अल्पिनिया हे नाव प्रॉस्पेरो अल्पिनी या सोळाव्या शतकातल्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. साध्या हिरव्या जातीचं बेट अडीच-तीन मीटर उंच होतं. पट्टेरी जात मात्र बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपास, दीड-दोन मीटरवर थांबते. पान हात-दीड हात लांब, आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत तिरके पिवळे फराटे. कुणीतरी घाईघाईने रंगाचा ब्रश ओढल्यासारखे. दोन पानांवरचे फराटे कधी सारखे नसतात.

फूल म्हणजे काठीच्या शेंड्यावरून खाली लोंबणारा घोस. कळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या, टोकाला गुलाबी, शिंपल्यासारख्या चकचकीत. इंग्रजीतलं नाव त्या शिंपल्यावरूनच पडलं आहे. कळी उमलली की आत पिवळा घसा आणि त्यावर लाल रेषा.

घेताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, पांढऱ्या बारीक पट्ट्यांची, कमरेएवढीच वाढणारी दुसरी अल्पिनिया. ती पानांसाठी छान, पण क्वचितच फुलते. दोन, पट्टेरी कोष्ट. त्याची पानं मऊ असतात आणि देठाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात. अल्पिनियाची पानं दोन बाजूंना, दोन ओळींत असतात. शंका आली तर पानाचा तुकडा चुरगळून वास घ्या. वेलदोड्याच्या जवळपास जाणारा वास आला पाहिजे.

पिशवीतलं रोप घेताना पानांच्या सौंदर्याकडे बघू नका, बुडाशी बघा. जमिनीतून नवा, गुलाबीसर टोकाचा कोंब वर येताना दिसला तर ते रोप घ्या. एकच उंच काठी आणि बुडाशी काही हालचाल नाही, असं रोप वर्षभर रुसून बसतं.

जागा

घाटावरची मंडळी बागेत दिशा विचारतात ती उन्हासाठी. आपल्याकडे दिशेला दुहेरी अर्थ आहे. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतरचं करपवणारं ऊन आणि खारं वारं दोन्ही एकाच बाजूने येतात. अल्पिनियाला दोन्ही नकोत. म्हणजे काम सोपं झालं: घर मध्ये घ्या. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, जिथे सकाळचं तीन-चार तास ऊन येतं आणि बारा-एकनंतर घराची सावली पडते, तिथे ही लावा.

असं का, हे समजून घेतलं तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य फारच कमी. तो भाग झाडासाठी अन्न बनवत नाही, हिरव्या भागाच्या जिवावर जगतो, आणि कडक उन्हात सर्वांत आधी तोच करपतो. उलट गडद सावलीत ठेवलं तर पिवळा रंग मंदावतो, काठ्या लांबट होऊन कलंडतात आणि फुलायचं नाव नाही. म्हणून चाळणीतून गाळल्यासारखं ऊन हवं.

ते ऊन सगळ्यांत चांगलं मिळतं पोफळीखाली. पोफळीची सावली हलती असते, दिवसभर सरकत राहते आणि तिथे शिंपणंही ठरलेलं असतं. माडाखाली मात्र लावू नका. सावली तशीच असली तरी वरून झावळी नाहीतर नारळ पडतो आणि नेमकी फुलायला आलेली काठी मोडते. आंबा, फणस, काजू यांच्या बुडाशीही नको. सावली दाट आणि मुळं अधाशी.

सावली कायमची असते असं समजू नये, हे मला 2020 साली कळलं. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या पट्ट्यातल्या वाड्यांत पोफळी काड्यांसारख्या आडव्या झाल्या. अल्पिनियाच्या बेटाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पावसाळाभर ढगाळ हवेत ती मजेत होती, म्हणून मीही दुर्लक्ष केलं. आभाळ मोकळं झालं आणि ऑक्टोबरच्या उन्हाने पंधरा दिवसांत सगळी पानं कागदासारखी पांढरी झाली. तेव्हा झावळ्यांचे झाप विणून पश्चिमेला उभे केले आणि पुढच्या पावसात त्याच बाजूला केळीची चार पिलं लावली. केळीने वर्षाच्या आत सावली धरली. तुमची सावली अशी अचानक गेली तर ऑक्टोबरची वाट बघू नका.

जागेबद्दल शेवटचं: पागोळ्यांच्या रेषेत लावू नका. कौलांवरून किंवा पत्र्यावरून चार महिने पडणारी धार बुडाची माती खणून काढते आणि कंद उघडा पडतो. वळचणीपासून तीन फूट पुढे या. नाहीतर पन्हळ तरी बसवा.

जमीन: खड्डा की उंचवटा?

बागकामाचा कुठलाही लेख उघडा, "दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या" असं लिहिलेलं असतं. कोकणात हा सल्ला अर्धवट आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जिथे हातभर मातीखाली चिकण किंवा सलग कातळ लागतो, तिथे खणलेला खड्डा म्हणजे पाणी साठवायचं भांडं. वर भुसभुशीत खतमाती, खाली आणि बाजूला घट्ट भिंत. जुलैपर्यंत त्यात कंद कुजतो.

आधी परीक्षा करा. हातभर खोल खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. ते जिरल्यावर दुसरी बादली ओता आणि घड्याळ बघा. दुसरं पाणी दोन तासांत जिरलं तर बिनधास्त खड्ड्यात लावा. अर्ध्या दिवसानंतरही साचलेलं असेल तर खड्डा विसरा, चिऱ्यांचे तुकडे गोलाकार मांडून फूट-सव्वा फूट उंच ओटा करा आणि त्यात माती भरून लावा. आमचा निम्मा बगीचा असाच उंचावर आहे.

मिश्रण साधं आहे: दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कुजलेला पाचोळा, आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. माती चिकण असेल तर जाडसर रेती घाला, पण नदीची. किनाऱ्यावरची पुळण उचलून आणू नका. त्यात मीठ असतंच, शिवाय शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपले म्हणजे चुना.

हा चुन्याचा मुद्दा समुद्राला लागून राहणाऱ्यांनी जरा लक्ष देऊन वाचावा. जांभ्याची लाल माती आंबट असते आणि अल्पिनियाला थोडी आंबट मातीच मानवते, त्यामुळे डोंगराकडच्या गावांत काहीच करावं लागत नाही. पुळणीवरच्या घरांत मात्र शिंपल्यांमुळे माती अल्कधर्मी होते. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही आणि पानं फिकट पडतात. साध्या झाडावर ते लगेच कळतं. इथे पान मुळातच पिवळं, मग ओळखणार कसं? पिवळ्या फराट्यांकडे बघू नका. हिरव्या फराट्यांकडे बघा. तिथे शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळट दिसला तर लोह कमी पडतंय. अशा जमिनीत पाचोळ्याचं खत भरपूर द्या, राख अजिबात घालू नका, आणि फारच फिकट पडली तर चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. नाहीतर सरळ लाल माती आणून ओटा भरा. माझ्या मते तोच खरा उपाय.

लावणी

मुहूर्त मिरगाचा. पहिले दोन-तीन पाऊस पडून जमिनीतली वाफ निघून गेली की लावा. ही तारीख साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. रोप पिशवीतलं असेल तर पाऊस स्थिरावल्यावर जूनअखेरपर्यंतही चालतं. जुलैच्या संततधारेत कापलेला कंद लावू नका, जखम सुकायला वेळ मिळत नाही. पाणी हाताशी असेल तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात लावता येते, पण मग पहिला उन्हाळा जपावा लागतो.

कुणाच्या बेटातून तुकडा मिळत असेल तर नर्सरीपेक्षा तो बरा. दोन-तीन काठ्या आणि एक-दोन नवे कोंब असलेला, मूठभर जाड कंदाचा तुकडा घ्या. काठ्या फूट-दीड फुटावर छाटा. हे करताना हात थरथरतो, कारण पानंच तर हवी असतात. पण मुळं तुटलेली असताना वरची पानं पाणी उडवत राहिली तर तुकडा आतून सुकतो. कापलेल्या जागी राख किंवा हळद चोळा आणि एक रात्र सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी लावा.

कंद दोन-तीन बोटांपेक्षा खोल पुरायचा नाही. काठी हलू नये म्हणून लोक ती खोल गाडतात आणि तिथेच कूज लागते. हलत असेल तर बांबूची काठी रोवून सुंभाने सैल बांधा. दोन रोपांत चार फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी रिकामं रिकामं वाटेल, तिथे तेरडा पेरा. गौरीला कामाला येईल आणि ऑक्टोबरात आपोआप जाईल.

लावल्यावर बुडाभोवती चार बोटं जाड पाचोळा पसरा, पण काठ्यांना चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात त्या ओल्या पाचोळ्याखाली गोगलगाई मुक्काम करतात.

पाणी

जून ते सप्टेंबर पाण्याचा प्रश्नच नाही, फक्त निचरा बघायचा. ऑक्टोबरपासून हळूहळू सुरू करा. थंडीत दोन-तीन दिवसांआड, मार्चपासून दिवसाआड, आणि पहिल्या वर्षीच्या रोपाला एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी थोडं. तहान लागली की पान लांबीत दुमडून नळीसारखं व्हायला लागतं. दुपारी दुमडलं आणि संध्याकाळी उघडलं तर काळजी नाही. सकाळीही मिटलेलंच असेल तर उशीर झाला म्हणून समजा.

किनाऱ्यालगतच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात. तुमच्या विहिरीचं पाणी चहाला चव देईनासं झालं की ते अल्पिनियालाही नको. त्या महिन्यात कमी वेळा पण गोडं पाणी द्या, आणि पहिल्या मोठ्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन जाईल याची वाट बघा. न्हाणीचं पाणी सोडायला हरकत नाही, आमच्याकडे दुसरं बेट त्याच्यावरच पोसलंय. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी मात्र वेगळं काढा.

काठी कधी कापायची

आता मुख्य विषयाकडे.

अल्पिनियाच्या कंदातून दर पावसाळ्यात नव्या काठ्या येतात. या काठ्या म्हणजे खरं खोड नव्हे, एकमेकांत गुंडाळलेले पानांचे देठ. काठी पहिला पावसाळा फक्त वाढते, थंडीत तशीच उभी राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात, किंवा त्याच्याही पुढच्या, तिच्या शेंड्यातून घोस बाहेर पडतो. फूल येतं ते जुन्या काठीच्या टोकाला. कापलेली काठी पुन्हा शेंडा धरत नाही.

आपल्याला सवय हळदीची, सोनटक्क्याची. दिवाळी झाली, पानं मळकट दिसायला लागली की कोयता घ्यायचा आणि परसू साफ करायचं. त्या साफसफाईत पुढच्या वैशाखातली सगळी फुलं जातात. बेट पुन्हा फुटतं, पुन्हा हिरवंगार होतं, त्यामुळे आपण काही गमावलंय हे कळतसुद्धा नाही.

माझी चूक याहून वेगळी होती आणि जास्त मूर्खपणाची. गणपतीच्या मखराला ही पानं इतकी शोभतात की मी दर वर्षी सर्वांत उंच, सर्वांत ताज्या आठ-दहा काठ्या कापायची. तीन वर्षं एकही घोस नाही. चौथ्या वर्षी भाद्रपदात घरात सुतक होतं, मखर झालं नाही, काठ्या तशाच राहिल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सात घोस लोंबले. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आता मी अशी करते. माझ्याकडे चैत्रअखेर ते पावसाच्या तोंडापर्यंत फुलं येतात. घोस गळून गेला की त्या काठीला बुडाशी सुंभाचा तुकडा बांधायचा. एका काठीला एकदाच फूल. म्हणजे ही काठी आता मोकळी झाली, पण तिची पानं अजून छान आहेत. तिला तशीच ठेवायची. गणपतीच्या आदल्या दिवशी फक्त सुंभ बांधलेल्या काठ्या जमिनीलगत कापायच्या. मखर होतं, बेट विरळ होऊन हवा खेळते, आणि बिनफुलाच्या काठ्यांना धक्का लागत नाही. सुंभ बांधायचा राहिला तर काठीचा शेंडा बघा. फुलून गेलेल्या काठीच्या टोकाला घोसाचा वाळलेला दांडा दिसतो. नव्या काठीच्या टोकाला गुंडाळलेलं कोवळं पान असतं.

कापताना अर्ध्यावर कापू नका, अगदी कंदाजवळ कापा. वीतभर ठेवलेल्या खुंटात पाणी साचून कूज खाली उतरते. मखराला लावलेली पानं फुलदाणीत पाणी बदलत ठेवली तर आठवडाभर टिकतात, दीड दिवसाच्या गणपतीला तर ताजीच विसर्जनाला जातात.

वाळकी, फाटकी पानं वेगळी काढायची असतील तर पान तेवढं कापा, काठी ठेवा. वादळी वाऱ्याने पानं शिरांच्या बाजूने फाटतात, केळीसारखी. ते विद्रूप दिसतं पण झाडाला त्याचं काही नाही.

कापायलाच हवी अशी एकच काठी: पूर्ण हिरवी. कधीकधी एखादा कोंब पट्टे विसरून सबंध हिरवा येतो. तो जोमदार असतो, कारण त्याच्या सगळ्या पानात हरितद्रव्य आहे. कौतुकाने ठेवला तर दोन-तीन वर्षांत तो पट्टेरी कोंबांना मागे टाकून बेटच हिरवं करतो. दिसल्याबरोबर माती उकरून, कंदाच्या त्या फाट्यासकट काढा. उलट कधी सबंध पिवळा कोंब येतो, तो फार सुंदर दिसतो. ठेवा हवा तर. फार दिवस जगत नाही.

खत

थोडक्यात सांगते, कारण यात कौशल्य नाही. मिरगाच्या आधी बेटाभोवती एक घमेलं शेणखत किंवा गांडूळखत. दुसरं घमेलं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, आणि हे दुसरं जास्त महत्त्वाचं. आपल्या पावसात नत्र आणि पालाश धुऊन निघून जातात. जुलैत घातलेलं रासायनिक खत ओढ्याला अर्पण. जानेवारी-फेब्रुवारीत जांभ्याच्या जमिनीला मूठभर लाकडाची राख द्या, घोसाला उपयोग होतो. मासळीचा कचरा ताजा, बिनमिठाचा असेल तर लांब खड्डा करून पुरा. खारवलेल्या मासळीचं धुणं, पाणी, डोकी काहीही इकडे आणू नका. नत्र फार झालं तर पानं मोठी होतात आणि पट्टे पुसट.

पान काय सांगतं

पांढरे, कागदासारखे कोरडे डाग फक्त पिवळ्या भागावर, तेही वरच्या उघड्या पानांवर: ऊन. कडा आणि टोकं तपकिरी, हिरवं-पिवळं दोन्हीकडे सारखंच: मीठ. समुद्राकडच्या बाजूलाच असेल तर वाऱ्याचं, सगळीकडे असेल तर पाण्याचं. वाऱ्याचं असेल तर मोठं वारं येऊन गेल्यावर गोड्या पाण्याने पानं धुवा, एवढं पुरतं.

मार्च-एप्रिलमध्ये पान धुळकट, बारीक टिपके पडल्यासारखं निस्तेज झालं तर ते उलटून बघा. खाली बारीक जाळं आणि लाल कोळी सापडतील. आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारला तर बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी. सकाळी तेल मारलंत तर दुपारी पिवळे पट्टे भाजून निघतात, मी भाजून घेतलेत. पिठ्या ढेकूण काठी आणि पानाच्या बेचक्यात बसतात, ते ओल्या फडक्याने पुसून काढा.

मधला कोंब एकटाच पिवळा पडून सुकला आणि काठीला बारीक भोक, त्यातून भुसा बाहेर आलेला दिसला तर तो खोडकिडा. आल्या-हळदीची तीच अळी इकडेही येते. औषधाच्या मागे न लागता काठी बुडापासून कापून जाळा. पान गुंडाळून आत बसलेली अळी असेल तर गुंडाळी उलगडून हाताने काढा, तिच्या फुलपाखराशी माझं वैर नाही.

पावसात पानांवर तपकिरी ठिपके पडतात. दहा-वीस पानांना असतील तर सोडून द्या. काठ्या बुडातून मऊ होऊन ओढल्यावर सुटून आल्या, आंबूस वास आला, तर ती कंदकूज. तेवढा भाग निरोगी कंद लागेपर्यंत कापून टाका, चर काढून पाणी वळवा, आणि बुडाशी बोर्डो मिश्रण ओता. पोफळीच्या कोळेरोगासाठी वाडीत ते होतंच. घरगुती प्रमाण असं: शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मग तिसऱ्या बादलीत दोन्हींची धार एकदम सोडायची. घासून चकचकीत केलेली लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. पानांवर मात्र फवारू नका. औषधाने बिघडत नाही, पण निळे डाग महिनाभर बघवत नाहीत.

रानडुकरं हा इलाज नसलेला विषय. ओल्या, खतावलेल्या मातीत गांडुळं शोधायला ती नाक खुपसतात आणि बेट उलथतं. आमचा गडगा कमरेएवढा झाल्यापासून आली नाहीत.

कुंडीत

जमतं, पण सोळा इंचांपेक्षा लहान कुंडीत नको, आणि जड कुंडी घ्या, नाहीतर पहिल्या वाऱ्यात बेटासकट आडवी. मातीत नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळा. ते आधी दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवा, त्यांचा तुरटपणा आणि मीठ उतरलं पाहिजे. दर दोन वर्षांनी कुंडी बदलायची. फुलं जमिनीतल्यापेक्षा कमी.

पातोळ्यांचं काय?

हा प्रश्न मला दर श्रावणात कुणीतरी विचारतंच. पान मोठं, वास चांगला, मग हळदीच्या पानाऐवजी यात पातोळे का नकोत? जपानच्या ओकिनावा बेटांवर याच झाडाच्या हिरव्या जातीच्या पानात तांदळाचा चिकट गोड पदार्थ गुंडाळून उकडतात, त्याला मूची म्हणतात, आणि तो तिथल्या पंचांगाच्या बाराव्या महिन्यातल्या आठव्या दिवशी करतात. वाचून मला फार आपलेपणा वाटला. तरी मी आमच्या बेटाची पानं वापरत नाही. नर्सरीच्या झाडावर काय काय मारलेलं असतं सांगता येत नाही, आणि हळदीच्या पानाचा तो वास दुसऱ्या कशाला येत नाही. सासूबाईंनी एकदा गुपचूप करून पाहिले होते. "औषधी लागतात," एवढंच म्हणाल्या.

बेट विभागणं

चार-पाच वर्षांनी बेटाचा मधला भाग पोकळ होतो, काठ्या सगळ्या कडेला येतात आणि मध्ये नुसते जुने खुंट. तेव्हा विभागायचं. बियांच्या मागे लागू नका. पट्टे बियातून उतरत नाहीत, रोपं हिरवी निघतात. हे पट्टे कंदाबरोबरच पुढे जातात.

मेअखेरीला, फुलं संपत आल्यावर, आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून ठेवा. दुसऱ्या दिवशी कडेपासून हातभर अंतरावर पहार घालून बेट सैल करा. सबंध बेट उपटायचा पराक्रम करू नका, एका बाजूचा तिसरा हिस्सा काढा. बाकीचं जागेवर राहू द्या, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातही तिथे फूल दिसेल. काढलेला गड्डा धुवा, मग कुठून कापायचं ते स्पष्ट दिसतं. कोयत्याला आधी विस्तव दाखवा. तुकडा निवडताना ज्या काठीच्या पानांवर पट्टे ठळक आणि समप्रमाणात होते ती निवडा. फिकट पट्ट्यांच्या काठीतून बहुधा तसेच फिकट कोंब येतात. मधली जुनी, काष्ठासारखी मुळं खतखड्ड्यात. पोकळीत ताजं मिश्रण भरा.

आमच्याकडून दर मिरगात पाच-सहा तुकडे बाहेर जातात. पोफळीच्या विरीत गुंडाळून, वर सुंभ बांधून देते. तो सुंभ टाकून देऊ नका, पहिला घोस येऊन गेला की त्याच काठीला बांधा, असं सांगते. गेल्या साली एक बाई दिवाळीनंतर विचारायला आल्या, "पानं जुनी झालीत, साफ करू का?" त्यांच्या हातात कोयता होता.

म्हटलं, "आधी चहा घ्या, कोयता इथे ठेवा."